अप्पांचं अंतराळ

रंगनाथरावांच्या तोंडाचा पट्टा सुटला की सिडकोतल्या त्या अख्ख्या गल्लीला कळायचं, आज भाजीत मीठ जास्त झालंय. माणूस अंबडच्या कारखान्यात फोरमन. दिवसभर मशीनच्या वर आवाज चढवायची सवय, ती काय संध्याकाळी गेटवर ठेवून येणार? "हा चहा आहे की काढा?" "पिशवी शोधतेस की विहीर खणतेस?" वत्सलाबाई ऐकून घ्यायच्या, आणि मनात आलं तर एखादं व्याजासकट परतही करायच्या. लोक म्हणायचे, बिचारी! अहो, बिचारी कसली? त्या आवाजाशिवाय बाईंना घास गोड लागत नसे.

तर २००३ च्या दिवाळीनंतर रंगनाथरावांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, चालणं काठीवर आलं आणि बोलणं पार गेलं. समजायचं सगळं. पण बोलायला तोंड उघडलं की नुसता वारा. एवढा मोठा माणूस ओठ हलवून हलवून थकायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा.

घर असं शांत झालं की वत्सलाबाईंना घड्याळाची टिकटिकही सोसवेना. शेजारच्या शकुबाई एकदा सहज बोलून गेल्या, "चला, आता कटकट तरी नाही." त्यावर वत्सलाबाईंनी त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला.

दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, वस्तू हातात द्या आणि नाव म्हणवून घ्या. वत्सलाबाई तांब्या धरायच्या, "म्हणा, तांब्या." वाटी धरायच्या, "म्हणा, वाटी." रंगनाथराव तांब्याकडे बघायचे, मग बायकोकडे, आणि डोळे मिटून घ्यायचे. कारखान्यात पोरांना शिकवणाऱ्या माणसाला कुणी वाटी शिकवावी? वत्सलाबाईंनाही कळायचं ते. पण कळून करता काय!

त्याच दिवसांत त्यांच्या लेकीची, वेदिकाची एम. ए.ची परीक्षा आली. विषय प्राचीन कला आणि स्थापत्य. पोरगी बाहेरच्या खोलीत येरझारा घालत देवळाचे भाग पाढ्यांसारखे घोकायची, "अधिष्ठान, जंघा, शिखर, आमलक, कलश..." पायापासून कळसापर्यंत आणि पुन्हा पायापासून.

"पोथी वाचल्यासारखं म्हणतेस आणि मधेच मांडी काय गं आणतेस?" वत्सलाबाई आतून ओरडल्या.

"आई, देवळाच्या बाहेरच्या भिंतीला जंघा म्हणतात. मूर्ती असतात ना, ती."

"काय बाई नावं ठेवतात एकेक," असं म्हणून त्यांनी कढईत मोहरी टाकली.

आणि एका सकाळी वेदिका "शिखर"पाशी अडकली. "अधिष्ठान, जंघा, शिखर... शिखर..." पुढचं आठवेना. तेवढ्यात कॉटवरून खरखरीत आवाज आला, "आमलक."

वत्सलाबाई पिठाच्या हातानं बाहेर धावल्या. "बोलले? काय म्हणाले? काय हवंय?" रंगनाथराव स्वतःच चकित झालेले. पुन्हा म्हणाले, "आमलक." बाईंना वाटलं, आवळा मागतायत. धावत आत गेल्या, फडताळावरची मोरावळ्याची बरणी काढली आणि वेदिका "अगं आई, ऐक तरी" म्हणेपर्यंत नवऱ्याच्या तोंडात एक फोड कोंबलीसुद्धा! आमलक म्हणजे शिखराच्या माथ्यावरचा तो दगडी, आवळ्यासारख्या फाकांचा गोल, हे कळलं तेव्हा तिघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. रंगनाथरावांनी मोरावळा मात्र संपवला.

मग काय, गाडी सुरू झाली. वेदिकाला तर खेळच सापडला. तिनं अख्ख्या घराचं देऊळ करून टाकलं. बाहेरची खोली म्हणजे मंडप. स्वयंपाकघरात देव्हारा, म्हणून ते गर्भगृह. आणि दोन्हींच्या मधला तो अरुंद बोळ, जिथे मोरी आणि संडास, ते अंतराळ. "मंडप आणि गाभारा यांच्या मधल्या जागेला अंतराळच म्हणतात, अप्पा." अप्पांनी मान डोलावली आणि शब्द उचलला. चहाची तल्लफ आली की काठी आपटून म्हणायचे, "गर्भगृह!" एकदा शकुबाई बसलेल्या असताना ते गडबडीनं उठले आणि म्हणाले, "अंतराळ! अंतराळ!"

"अगंबाई! कुठं निघाले हे?" शकुबाईंनी छातीवर हात ठेवला.

"काही नाही, लघवीला," वत्सलाबाई म्हणाल्या आणि त्यांना धरून घेऊन गेल्या.

गल्लीभर हसू झालं. वत्सलाबाईही हसल्या. पण हसता हसता आत कुठेतरी टोचायला लागलं होतं. दगडांची नावं येतात या माणसाला. माझ्यासाठी एक अक्षर नाही. साधं "अगं" नाही! पुढच्या खेपेला त्यांनी दवाखान्यातल्या बाईंना विचारलंच, "एवढं येतंय, तर आता आमच्याशी बोलतील ना?"

बाई भली होती, खोटं बोलली नाही. म्हणाली, "काकू, पाठ झालेलं म्हणणं वेगळं आणि आपणहून कुणाशी बोलणं वेगळं. ते येईलच असं नाही सांगता येत."

त्या दिवशी वत्सलाबाई घरी येऊन देवासमोर बसल्या, पण काय मागायचं तेच सुचेना. हातपाय मागावेत, आयुष्य मागावं, बायका काय काय मागतात. यांना हवा होता नवऱ्याच्या तोंडचा एक शब्द, आपल्यासाठीचा. कसाही चालेल. असलं मागणं देवाला तरी कुठल्या तोंडानं सांगायचं!

परीक्षेच्या आधी वेदिकाचा वर्ग सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ बघायला निघाला. वेदिका म्हणाली, "अप्पांना न्यायचंच." शकुबाईंच्या संतोषनं आपली ओम्नी काढली. वत्सलाबाईंनी वाटेत बेल-फुलं घेतली आणि देवाला पाणी घालायला घरचा तांब्या बरोबर ठेवला.

रंगनाथराव देवळासमोर उभे राहिले आणि वर बघत राहिले. आयुष्यभर या माणसानं लोखंड कातलेलं. एवढ्या काळ्या दगडाला कुणी अशी सुबक धार दिली हे बघून त्यांचा चेहरा उजळला. वेदिका बोट दाखवायची, ते नाव सांगायचे. "जंघा. शिखर." पोरं-पोरी टाळ्या वाजवत होत्या. एक मुलगी म्हणाली, "सर आजारी पडले तर आम्हाला काकाच पुरेत!"

वत्सलाबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांना आनंद होत नव्हता असं नाही. पण आता इथे सगळ्यांपुढे रडू फुटेल असं वाटलं, तेव्हा त्यांनी तांब्या उचलला. "मी दर्शन घेऊन येते," म्हणाल्या आणि कुणाची वाट न बघता आत शिरल्या.

बाहेर रणरणतं ऊन, आत मिट्ट काळोख. डोळे भरलेले, त्यामुळे होतं तेही दिसेना. मंडपातले खांब ओलांडून त्या अंतराळात आल्या. मागून काठीचा ठक ठक आवाज येत होता. वेदिकाच्या आधारानं रंगनाथरावही मंडपात पोचले होते. पण वत्सलाबाईंनी वळून पाहिलं नाही. पुढे गाभाऱ्याचा उंबरा होता, चांगला उंच, आणि कुणीतरी सांडलेल्या पाण्यानं निसरडा झालेला. नजर समोर पिंडीवर, हात फुलांत, पाय सरळ पुढे.

"अगं ए! डोळे फुटले का? खाली बघ, पाय मोडून घेशील!"

आवाज दगडावर आदळून घुमला. वत्सलाबाईंचा पाय उचललेला होता तसाच थांबला. तांब्या हातातून सुटला आणि खणखणत खाली गेला. त्यांनी चौकटीचा दगड दोन्ही हातांनी धरला.

वत्सलाबाई हळूच वळल्या. रंगनाथराव काठी पुढे रोखून उभे होते, कपाळाला आठ्या, नाकपुड्या फुगलेल्या, अस्सल फोरमन. मग त्यांचं त्यांनाच कळलं काय झालं ते, आणि रोखलेली काठी खाली आली.

"अप्पा!" वेदिकाला हुंदका आवरेना. "अप्पा, काय म्हणालात? परत म्हणा ना! आईला परत म्हणा!"

त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. पुन्हा प्रयत्न केला. "मं... मंडप..." एवढंच आलं, आणि डोळे भरले.

वत्सलाबाई परत फिरल्या. सगळ्या पोरांदेखत त्यांनी नवऱ्याचा लुळा हात आपल्या हातात घेतला आणि पदरानं त्यांचं तोंड पुसलं. मग लेकीला दटावलं, "गप गं. कशाला त्यांना शिणवतेस? एकदा सांगितलेलं कळतं मला."