जंतूला हात जोडायचे नाहीत

शत्रूशी लढायचं तर आधी त्याचं पूर्ण नाव बिनचूक घेता आलं पाहिजे, असं वैद्यकशास्त्र सांगतं. म्हणजे वैद्यकशास्त्र नाही. उमरग्यात लॅब टेक्निशियनचा कोर्स शिकवणारे धोंडप्पा सर सांगतात.

त्यांच्या वर्गातल्या सास्तूरच्या चैतालीला एक जंतू, लॅबच्या प्लेटमध्ये वाढवला की, हिरव्या रंगावरून ओळखता यायचा, वासावरूनही यायचा. पण तोंडी परीक्षेत नाव विचारलं की ती "स्युडो" म्हणायची आणि थांबायची. पुढचं 'मोनास एरुजिनोसा' घशातच राहायचं. गेल्या खेपेला एवढ्यावरच ती नापास झाली. यंदाही तेच झालं तर कोर्स सुटणार होता.

तिचे आजोबा व्यंकटराव गावच्या विहारात पोरांना वंदना शिकवत. पालीतले हातभर लांब शब्द, पण रीत सोपी: आपण एक तुकडा म्हणायचा, थांबायचं, सगळ्यांनी तो परत म्हणायचा, मग पुढचा.

"आबा, हे पाली न्हाय, लॅटिन हाय."

"आसू दे की. तुकडे तर पडत्यात न्हवं?"

"आन् इंग्रजीत लिवताना सुरवातीला 'पी' हाय, तो म्हणायचाच न्हाय."

"लग्नातला मावसा म्हण की. पत्रिकेत नाव, मांडवात इचारत न्हाय कुणी."

झालं. रोज संध्याकाळी चैताली म्हणायची "स्युडो", घर म्हणायचं "स्युडो". सवयीनं तिचे हात जुळले, तसे आबा म्हणाले, "हात खाली. जंतूला हात जोडायचे न्हाईत."

भाकरी थापता थापता आई विठाबाई साथ द्यायची. "नाव एवढं, तर जंतू केवढा गं?"

"दिसत न्हाय, आई."

"दिसत न्हाय त्याचं एवढं कवतिक."

परीक्षेत धोंडप्पा सरांनी नेमकं तेच नाव विचारलं. चैताली खणखणीत म्हणाली, "स्युडो." आणि थांबली.

यंदा ती अडकली नव्हती. घर परत म्हणेल म्हणून वाट बघत होती. घर सास्तुरात होतं. परत कुणी म्हटल्याशिवाय पुढं जायची तिला सवयच राहिली नव्हती. सरांनी गेल्या वर्षीसारखा पेन उचलला.

बाहेरून आलेल्या परीक्षक राजनंदिनी मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. पोरीच्या तोंडाकडं क्षणभर बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "स्युडो."

"मोनास," चैताली म्हणाली.

"मोनास."

"एरु."

"एरु," मॅडम म्हणाल्या. या वेळी धोंडप्पा सरही म्हणाले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"जिनोसा."

"जिनोसा," दोघांनी म्हटलं.

चैताली पास झाली. उमरग्यातल्याच एका लॅबमध्ये तिला नोकरी लागली. तिथं त्या जंतूला सगळे 'स्युडो' म्हणतात.