रंगरावांनी फासलेला शेंदूर

मित्रांनो, चाकणच्या एका कारखान्यात धुराच्या वाटेत बसलेला मी जुना उत्प्रेरक. दिसायला विटेएवढा, पण अंगभर मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं. भोकांना आतून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा खरबरीत लेप आणि त्यावर प्लॅटिनमचे न दिसणारे कण. लेपाचा आधार नसता, तर तापून त्यांचा गोळा झाला असता. गोळ्याच्या पोटात अडकलेल्या कणाला कुठलं काम? विखरून बसले, म्हणून सगळे कामाला लागले.

इथं गाड्यांचे पत्रे रंगवून भट्टीत सुकवतात. रंगाची उग्र वाफ माझ्यातून जाते. ती आणि हवेतला प्राणवायू माझ्या कणांवर टेकतात, तिथंच त्यांचं जुळतं आणि पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड होऊन ते निघून जातात. कण मात्र जागेवरच! नऊ वर्षं मी मजेत राबलो.

मग खंडेनवमी आली. झाडायला मला पेटीबाहेर काढलं होतं. भट्टीवाले रंगराव भाविक माणूस. त्यांनी मायेनं माझ्या तोंडावर तेलात कालवलेला शेंदूर फासला. त्या शेंदरात शिसं होतं. ते प्लॅटिनमला असं चिकटलं, की वाफेला टेकायला जागाच उरली नाही.

भट्टी पेटताच भिंतीपलीकडून चहावाल्या गोजाबाई ओरडल्या, "रंगराव, डोळं चुरचुरत्यात! गिऱ्हाईक पळालं की माझं!"

इंजिनीअर वर्षालीनं भट्टी थांबवली. मला बाहेर काढून पुसलं, उलटंसुलटं पाहिलं; पण शेंदूर तापून काळपट झाला होता, ओळखू येत नव्हता. "काका, याला काही लागलं होतं का? नसेल तर हा वयानंच संपला. उद्या भंगारात."

"मला काय ठावं?" रंगराव पुटपुटले.

माझा जीव त्या एका उत्तरावर टांगलेला होता. रंगराव डबा खायला गेले आणि न खाताच परतले.

"पोरी, खोटं बोललो. शेंदूर फासला मी. यंत्राला देव मानतो आमी."

वर्षाली खळखळून हसली. "अहो काका, मग हा वाचेल! शिसं धुता येतं. पण देवाच्या नाकातोंडात शेंदूर कोंबतात होय?"

मग ज्या कंपनीनं मला बनवलं, तिच्याकडे मला पाठवलं; तिनं सौम्य आम्लात धुऊन परत दिलं. भट्टी पेटली. थोड्या वेळानं गोजाबाई डोकावल्या. "वास न्हाई, काय न्हाई. आज बी सुट्टी हाय व्हय?"

"चालू हाय, गोजाबाई, चालू हाय!" रंगराव लहान पोरासारखे ओरडले.

मित्रांनो, तुमच्या हातून यंत्राला काही झालं, तर लगेच सांगा. लाज दोन घटकांची असते. रंगराव बोलले, म्हणून मी आज गरमागरम धूर गिळत खुशीत बसलो आहे.