दोनशे छप्पन्न व्होल्ट

कानवाल्यांचा धंदा कान तपासण्याचा. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ‘ऐकू आलं की बोट वर करा’ म्हणायचं. हयात दुसऱ्यांची बोटं बघण्यात गेल्यामुळे आपले स्वतःचे कान म्हणजे निव्वळ सोनं, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. तो त्यांनी घरात इतक्यांदा बोलून दाखवला होता की पुढे जे घडलं त्याची बायकोला जरा जास्तच मजा आली.

झालं असं, की त्यांच्या मामांनी घर आवरायला काढलं आणि आपला रेकॉर्ड ऐकायचा जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर भाच्याच्या गळ्यात घातला. दोघांनी मिळून उचलावं असं ते धूड. वर ओळीने काचेचे व्हॉल्व्ह, चालू केला की आत निखारे फुलल्यासारखे लाल. मागच्या पत्र्यावर ‘२२० व्होल्ट’ असं कोरलेलं.

“जपून रे,” मामांनी बजावलं. “जास्त वीज पाजलीस तर व्हॉल्व्ह जातील, आणि मिळता मिळायचे नाहीत.”

कानवाल्यांनी घरी येताच खणातला व्होल्ट मोजायचा मीटर काढला आणि सॉकेटमध्ये तारा खुपसल्या. आकडा आला दोनशे छप्पन्न. ते तिथूनच ओरडले.

“अगं, आपल्या घरात वीज उतू चाललीय!”

“मग झाकण ठेवा,” बायको म्हणाली.

झाकण काही मिळालं नाही, पण घरातली जड उपकरणं एकदम लावली की आकडा चार-पाचने उतरतो हा शोध लागला. तेव्हापासून रेकॉर्ड लावायची म्हटली की आधी गीझर, मग ओव्हन, मग इस्त्री. इस्त्री नुसती तापत ठेवणं धोक्याचं, म्हणून बायकोने ती करत उभं राहायचं. शर्ट संपले, चादरी संपल्या, पडदे झाले. एके दिवशी तिने फरशी पुसायचं फडकं घडी मोडू नये अशा बेताने त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“हे शेवटचं. यापुढे तुमच्या गाण्याला साथ करायला दुसरी कोणी बघा.”

मग कानवाल्यांनी व्हेरिअॅक आणला. वर गोल मूठ असलेलं जड डबडं. मूठ फिरवावी तसं व्होल्टेज खाली-वर होतं. मीटर जोडून त्यांनी मूठ हलकेच मागे घेतली. दोनशे वीस! रेकॉर्ड लावली, डोळे मिटले. आवाज जरा दबका येत होता, पण कानवाल्यांना दबका हा शब्दच सुचला नाही.

“मुरलाय आवाज,” ते म्हणाले. “लोणी आहे लोणी.”

“मला पांघरुणातून गायल्यासारखं वाटतं,” बायको म्हणाली.

“त्याला तयार कान लागतात.”

इथवर घरातल्या घरात होतं. पण ज्ञान झालं की माणसाला चैन पडत नाही. कानवाले मीटर गळ्यात अडकवून इमारतीत व्हिजिटला निघू लागले. दारोदार सॉकेटची नाडी बघायची, मान हलवायची. समोरच्या वकीलबाईंना त्यांनी असं काही घाबरवलं की त्यांनी फ्रिजला स्टॅबिलायझर बसवला. त्यांचं बघून वरच्या मजल्यांनीही बसवले. लोक वाट अडवून सल्ला विचारू लागले आणि कानवाल्यांची छाती फुगली.

फुगा फुटला तो रविवारी सकाळी. दवाखान्यासाठी श्रवणयंत्रांचे बटणसेल आले होते. मीटर हाताशीच होता, म्हणून सहज त्यांनी एक सेल मोजला. एक पूर्णांक अठ्ठावन्न. असले सेल नवेकोरे असले तरी एक पूर्णांक पंचेचाळीसच्या वर जात नाहीत, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. दुसरा मोजला, तोच आकडा. तिसराही तसाच.

“कंपनीने माल सुधारलाय बुवा!”

बायकोने चष्मा लावून मीटरच्या पडद्यात डोकावून पाहिलं. “कोपऱ्यात हे काय लुकलुकतंय?”

“बॅटरीचं चित्र. म्हणजे बॅटरी आहे.”

“आहे की संपत आलीय?”

श्रवणयंत्र बिघडलं म्हणून येणाऱ्या प्रत्येक आजोबांना कानवाले आधी ‘सेल कधी बदललात?’ म्हणून दरडावत. त्यांनी मुकाट्याने मीटरमध्ये नवी बॅटरी घातली आणि सॉकेट मोजलं. दोनशे तीस. बॅटरी उतरल्यामुळे मीटर सगळंच वाढवून सांगत होता. म्हणजे मामांच्या अँप्लिफायरला ते इतके महिने दोनशेच्याही खाली ठेवून उपाशी मारत होते आणि त्याच्या कण्हण्याला लोणी म्हणत होते.

“जाऊ दे,” बायको म्हणाली, “आता तयार कानांची परीक्षा घेऊ. पाठ करून बसा. मी मूठ फिरवते. फरक कळला की बोट वर करा.”

आता माघार घेता येईना. कानवाले भिंतीकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने त्यांनी बोट वर केलं, मग पुन्हा एकदा केलं, आणि तिसऱ्यांदा तर अगदी ठामपणे.

“आता बघ, कसा खुलला आवाज!”

शाबासकी घ्यायला त्यांनी वळून पाहिलं. बायको मुठीपासून चार हात लांब, दारात उभी होती, तोंडात पदर कोंबून. तिने मुठीला हातही लावला नव्हता.

कानवाल्यांना आधी राग आला, मग घाम आला, आणि शेवटी हसू आलं. हसून झाल्यावर नव्या बॅटरीच्या साक्षीने त्यांनी मूठ खऱ्या दोनशे वीसवर आणली आणि वकीलबाईंना खरं काय ते सांगून टाकावं म्हणून निघाले. शब्दसुद्धा मनात जुळवले.

“वकीलबाई, जरा घोटाळा झालाय. माझा मीटरच—”

“अहो, बरे आलात! तुमचे उपकार मानायचे होते,” वकीलबाई म्हणाल्या. “स्टॅबिलायझर लावल्यापासून फ्रिज कसला शांत झालाय! पूर्वी घुमायचा नुसता. या, ऐका तरी.”

“पण मीटर खोटा होता हो. तुमच्या विजेला काही झालेलं नव्हतं.”

“मीटर खोटा असेल, माझे कान खोटे आहेत का? तुम्ही तर कानांतले. लावा कान आणि सांगा.”

कानवाले स्वयंपाकघरात फ्रिजपुढे उकिडवे बसले. दाराला कान लावला. फ्रिज घर्र घर्र करत होता, जसा कुठलाही फ्रिज करतो. पूर्वी कसा करायचा, देव जाणे. वकीलबाई वर कमरेवर हात ठेवून निकालाची वाट बघत उभ्या होत्या.

“आहे खरा शांत,” कानवाले म्हणाले, आणि गुडघ्यांवर हात टेकत उठले.