माडाला लावलेला कान

साबूचा माड आडवा पडून चाळीस दिवस झाले होते. सेपिक नदीकाठच्या दलदलीत कावीने तो सुनेला घेऊन पाडला, सालीवर कुऱ्हाडीने खाचा घेतल्या आणि घेता घेता गुणगुणली:

ये गं बाई सोंडवाले, दार उघडं ठेविलं
तुझ्या लेकरांच्यासाठी गादी-अंथरूण केलं

सोंड्या भुंग्याची मादी वासावर येते, खाचेत अंडी घालते. अळ्या गाभा खात खात अंगठ्याएवढ्या होतात, मग काथ्याचा कोष विणून गप्प बसतात. त्याआधी माड फोडायचा. तो दिवस आतल्या कुरतडण्याच्या आवाजावरून कान सांगतो, आणि कान लावायचा तो खाचा घेणारीनेच.

तीन दिवसांवर कावीच्या भावाच्या सुतकाचं शेवटचं जेवण आलं होतं. त्या जेवणात वाढायच्या अळ्या तिच्या घरून जायच्या होत्या.

तिने खोडाला कान लावला. काही नाही. चार दिवसांपूर्वीही काही नव्हतं.

"कोवळ्या आहेत गं अजून. परवा येऊ."

सून बिबियाना दोन पावलांवर टोपली घेऊन उभी होती. "कोवळ्या? आई, ओलं सरपण तडतडावं तसं वाजतंय. मला इथवर येतंय ऐकू."

"वारा असेल."

"वाऱ्याला दात फुटले वाटतं!"

कावीने वर पाहिलं. पान हलत नव्हतं. तिने तळवा खोडावर टेकवला. सालीखाली बारीक थरथर होती, निजलेल्या बाळाच्या छातीत असते तशी. हात बराच वेळ तिथंच राहिला.

"माझ्या कानांचं कधी कळलं तुला?"

"कोंबडं तुमच्या उशाशी आरवलं नि तुम्ही घोरत राहिलात, तेव्हा."

"मग बोलली नाहीस ती?"

"कुऱ्हाड तुमच्या हातात असते ना."

कावीने कुऱ्हाड तिच्याकडे दिली. माड फुटला. दुधी रंगाच्या, बिनपायांच्या, गुबगुबीत अळ्यांनी टोपली भरली. काहींनी कोष विणायला घेतले होते. एक पुरा झालेला कावीने उकलून पाहिला. आत फिकट जीव, सोंड छातीशी मुडपून निजलेला. तिने तो परत माडाच्या भुशात ठेवला.

जेवणाच्या दिवशी भावाच्या घरच्या म्हाताऱ्याने रीतीप्रमाणे विचारलं, "कान कोणाचा?" तीस वर्षं कावी 'माझा' म्हणत आली होती. हा प्रश्न तिला ऐकू यायची गरज नव्हती.

"सुनेचा," ती म्हणाली.

म्हातारा काहीतरी बोलला, लोक हसले. काय ते कावीला कळलं नाही. कानाच्या मानाची पहिली भाजलेली अळी बिबियानाच्या तळव्यावर आली. तिने डोकं चिमटून टाकलं आणि ती खाल्ली.