आखाजीच्या दिवशी खळ्यातला लिंब

एक पिकलेलं उंबर.

वीस हात सुती दोर, नवाकोरा, साक्रीच्या बाजारातला.

नाशिकहून निघालेली पांढरी गाडी. मागच्या सीटवर दोन दुर्बिणी आणि एक उशी.

चिखलाने लिंपलेलं दार. त्याला बोटभर फट.

चुलीवर पालथं घातलेलं खापर, त्यावर पसरत चाललेला पुरणाचा मांडा.

तीन वर्षांनी माहेरी आलेली नूतन.

आता हे सगळं एका झाडाखाली आणू. झाड लिंबाचं, यशोदाबाईंच्या खळ्यातलं. त्याच्या ढोलीत यंदा पहिल्यांदाच, महिन्यापूर्वी, धनेशाची मादी शिरली आणि आतून दार लिंपून बसली. अंडी, मग पिल्लं. नर दिवसभर फळं आणतो आणि फटीतून तिला भरवतो. गावातली अशी घरटी बघायला दरवर्षी लांबून माणसं येतात, यशोदाबाईंच्या दोन खोल्यांत उतरतात, भरीत-भाकरी खातात. त्यांच्या पैशातला एक वाटा वनसमितीला जातो. त्यातून उन्हाळाभर चौघे जण वणव्यावर नजर ठेवतात, आणि ढोलीचं झाड आता गावात कुणी तोडत नाही.

पाहुण्यांसाठी यशोदाबाईंनी पाटीवर नऊ नियम लिहवून घेतले होते. पन्नास पावलांच्या आत यायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही. भडक कपडे नकोत. वगैरे.

गावासाठी एकही नियम नव्हता. आपल्याच माणसांना काय सांगायचं?

म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी पोरींनी दरवर्षीसारखा त्याच लिंबाला झोका बांधला. लाल, पिवळ्या, निळ्या साड्या. गाणी अशी, की पलीकडच्या पाड्यावरची कुत्री भुंकू लागली.

अकराच्या सुमाराला कौतिक धावत चुलीपाशी आला. हा पाहुण्यांना पक्षी दाखवणारा. पूर्वी गलोल घेऊन हिंडायचा, म्हणूनच त्याला प्रत्येक घरटं ठाऊक.

"अक्का, नर कव्हयना चिंचवर बठेल शे. उंबर चोचमाच शे. लिंबकडे येतच नहीं."

"कव्हयपासून?"

"झोका बांधा तव्हयपासून. चार तास व्हई गयात."

यशोदाबाईंच्या हातातला मांडा खापरावर वाकडा पडला. आत पिल्लं उपाशी. नर असाच बिचकून निघून गेला तर मादी दार फोडेल, पिल्लं मरतील. पुढच्या वर्षी ढोली रिकामी.

"मंग जा, झोका सोडी टाक," त्या म्हणाल्या.

"मी?" कौतिक दोन पावलं मागे सरकला. "बारा माहेरवाशिणी शेतस तठे. अक्का, माले लेकरंबायं शेतस."

खरंच होतं. आखाजीला माहेरवाशिणीला झोक्यावरून उतरवणारा अजून जन्माला यायचा होता.

शेवटी त्या स्वतःच गेल्या, हाताला पीठ तसंच. झोक्यावर त्यांचीच लेक नूतन होती, पाय आभाळाला लावत.

"उतर व माय."

"काबरं?"

"झोका सोडना शे."

गाणं थांबलं. नूतनने पाय टेकवले. "तीन सालमा एकदाव उनू मी. सासरमा म्हशी, रांधनं, म्हशी. आनि अठे झोकाबी नहीं? पाव्हनासनी माय व्हयनी तू, आमनी नहीं!"

यशोदाबाईंना ते लागलं. नियमांची पाटी दाखवायची त्यांना लाज वाटली. त्यांनी नुसतं वर बोट दाखवलं.

"त्या ढोलीमा एक बाई शे. दार लिपी बठेल शे. पंख झडी गयात तिना. नवरा आनस तेच खास, तेच पोरंसले देस. आज सकायपासून उपाशी शे, आपला गोंगाटमुये."

सगळ्यांनी माना वर केल्या. फटीतून चोचीचं टोक तेवढं दिसलं. आत ओढलं गेलं. पुन्हा आलं.

"मंग बायतपन शे म्हन ना आधी!" नूतन कडाडली. "सोडा व दोर, पटकन! आनि तो नवरा कोठे शे? चार घास लई फिरस? मन्हावाला पानीना तांब्याबी हालावत नहीं!"

हसू फुटलं, पण पदर तोंडात कोंबून.

मग प्रश्न उरला झोक्याचा. चिंचेवर नर बसलेला, आणि झोका पेलेल असं तिसरं झाड जवळ नव्हतं. नूतनची नजर पन्नास पावलांपलीकडच्या, पाहुण्यांच्या खोल्यांपुढच्या पडवीवर गेली. लोखंडी गर्डर, मजबूत. बारा जणी दोर घेऊन तिकडे घुसल्या तेव्हा पांढऱ्या गाडीतून नाशिकहून आलेल्या मेघा मॅडम नुकत्याच चहाला बसल्या होत्या. त्यांची खुर्ची उचलून अंगणात ठेवली गेली, कपासकट.

"नियम शे," नूतन त्यांना म्हणाली. "आज पडवी आमनी."

झोका बुटका झाला. पाय फरशीला घासत. तरी तो थांबला नाही, आणि थोड्या वेळाने त्यावर मेघा मॅडम होत्या, मागून ढकलायला सहा जणी.

"अहो, हळू! मी पक्षी बघायला आले होते!"

"बठ्ठा पक्षी दिसतस वरथून!"

खळ्यात यशोदाबाई आणि कौतिक कडब्याच्या गंजीआड बसून होते. बराच वेळ लिंब नुसता हलत राहिला. मग फडफड झाली, राखाडी पंख फांदीवर आले. नराने मान वाकडी केली, झोक्याच्या जागेकडे एकदा पाहिलं आणि उंबर फटीत सरकवलं. एक. दुसरं गळ्यातून काढलं. तिसरं.

"खादं," कौतिक पुटपुटला, आणि यशोदाबाईंनी पिठाच्या हातानेच त्याच्या पाठीत धपाटा घातला, इतका आनंद झाला त्यांना.

हा लिंब त्यांच्या सासऱ्यांनी चौऱ्याहत्तर साली लावला होता, बैलांना सावली हवी म्हणून; धनेश तेव्हा कुणाच्या मनातही नव्हते.