चुन्याचा डाग

विठोबाला जाळं टाकायची जागा किल्ल्यावरून कळायची. भिंतीवरचा पांढरा डाग किनाऱ्यावरच्या एकट्या ताडाच्या शेंड्यावर आला, की होडीखाली मासळीचा खडक. ही खूण त्याला बापानं शिकवली होती. यंदा मात्र डाग काही दिसेना.

मुलगा हितेश मोबाईलवर जागा बघून जाळं टाकायचा. तो म्हणाला, "बा, डाग कुठं जातोय? तुझे डोळे गेले. आता घरी बस."

रविवारी गावातली गाईड प्राप्ती पाहुण्यांना किल्ला दाखवायला निघाली, तेव्हा विठोबाही मागून चढू लागला. जन्मभर पाण्यातून बघितलेल्या किल्ल्यावर तो पहिल्यांदाच चालला होता.

"आजोबा, तुम्हालाही इतिहास ऐकायचाय?"

"मला डाग बघायचाय, पोरी."

प्राप्तीनं सगळ्यांना समुद्राकडच्या पडक्या चर्चपाशी नेलं. पोर्तुगीजांनी या भिंतीला शिंपल्यांचा चुना लावला होता, असं ती सांगत होती. पण भिंत तर हिरवीगार. विठोबानं पुढं होऊन वेल ओढला. आत चुना पांढराफेक! मग पाहुणेही वेल ओढू लागले आणि भिंत मोकळी झाली.

हितेशची होडी खालूनच चालली होती. विठोबानं फोन लावला.

"वर बघ. डाग दिसतो?"

"व्हय की! तू कुठं हायस?"

"डागापाशी. आणि टोपी घाल डोक्यात. ऊन लागंल."



"बा," हितेश म्हणाला, "उद्या येतोस ना होडीवर?"