गठ्ठा टाका आणि जा

माझा राग नाकावर असतो असं घरात सगळे म्हणतात, आणि असं कोणी म्हटलं की मला राग येतो. दोन वर्षं मी आमच्या कंपनीत एक मशीन तयार करत होते. ऑफिसातले नको असलेले कागद फाडायचं मशीन, म्हणजे श्रेडर. "त्यात काय एवढं, कागद हातानेपण फाटतो," असं दादा पहिल्याच दिवशी म्हणाला होता. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

त्यात काय एवढं ते सांगते. साध्या श्रेडरसमोर माणसाला उभं राहावं लागतं. चार-पाच कागद उचलायचे, फटीत धरायचे, मशीनने ओढून घेतले की पुढचे चार-पाच. असा तीनशे कागदांचा गठ्ठा संपेपर्यंत पाय भरून येतात आणि डोकं रिकामं होतं. माझ्या मशीनला वर एक खोल ट्रे होता. त्यात अख्खा गठ्ठा ठेवायचा, झाकण लावायचं आणि आपल्या कामाला निघून जायचं. तळाशी असलेले दोन रबरी रोलर खालचे तीन-तीन कागद ओढून पात्यांकडे देणार. खोक्यावर छापायचं वाक्यसुद्धा मीच सुचवलं होतं: गठ्ठा टाका आणि जा.

सगळी मेख त्या ओढण्यात आहे. पात्यांचं काय, त्यांना कागद मिळाला की ती कापतात, त्यांची कधी तक्रार नसते. पण रोलरने तीनच कागद उचलायला हवेत, तीस नाही, आणि तेही सरळ. एक कागद तिरका गेला की त्याच्या मागचे सगळे तिरके. योग्य रबर सापडायलाच मला चार महिने लागले. शेवटी आमच्या चाचणीच्या खोलीत चाळीस हजार कागद गेले आणि मशीन एकदाही अडलं नाही. आमचे मिस्त्री सहसा कशाचं कौतुक करत नाहीत, तेही "बरं आहे" म्हणाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

साहेबांना तेवढ्याने समाधान नव्हतं. "हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं," ते म्हणाले. "खऱ्या ऑफिसात ठेवा. पहिले दोन दिवस मांडामांडीचे, ते धरणार नाही. पुढचे दहा दिवस एकदाही न अडता चाललं, तर आपण बनवू. नाहीतर ट्रेचा भाग बाहेरून तयार घेऊ." तयार घेऊ म्हणजे माझी दोन वर्षं भंगारात.

खरं ऑफिस शोधायला लांब जावं लागलं नाही. माझी वहिनी एका वकिलांच्या ऑफिसात जुन्या फायली सांभाळते. मुदत संपलेली फाईल नियमाप्रमाणे फाडावी लागते, आणि ती भलत्याच्या नजरेला पडू नये म्हणून ते काम वहिनीकडेच. नऊ वर्षं रोज दुपारी दोन तास ती जुन्या श्रेडरसमोर उभी राहत होती. "एवढं शिकले," ती म्हणायची, "आणि पगार कशाचा, तर उभं राहून कागद फाडण्याचा." मी तिला शब्द दिला की आता तू बसशील. साहेबांना मी नातं आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, चालेल, घरची माणसं जास्त नावं ठेवतात.

पहिल्या दिवशी मी स्वतः जाऊन मशीन रेकॉर्डच्या खोलीत मांडलं, वहिनीला दाखवलं, चार गठ्ठे माझ्या हाताने घातले. लोण्यातून सुरी जावी तसे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"तुझं बाळ रुसलंय. तीनदा अडलं."

मी धावत गेले. गठ्ठा घातला, चाललं. दुसरा घातला, तोही गेला. मी जिन्यापर्यंत पोचते न पोचते तोच शिटी ऐकू आली; मशीन अडलं की लाल दिवा लागून वाजते ती.

"तू समोर असलीस की शहाण्यासारखं वागतं," वहिनी म्हणाली. "रोज येऊन उभी राहत जा."

"तू पिना काढल्या नसशील. नाहीतर कोंबून भरलं असशील."

"तुझ्या मशीनच्या आधीपासून मी कागद हाताळतेय, इंजिनियरीणबाई. कागद कसा भरायचा ते मला शिकवू नकोस."

मी पाय आपटत निघून आले. पण तिसऱ्या दिवसापासून चमत्कार झाला. भिंतीवर मी एक तक्ता लावला होता, रोज किती गठ्ठे गेले आणि किती वेळा अडलं ते लिहायला. संध्याकाळी फोन केला की मी विचारायची, "आज?" आणि वहिनी म्हणायची, "शून्य." चौथ्या दिवशी शून्य, सातव्या दिवशी शून्य. नवं रबर रुळायला दोन दिवस लागतात, असं मी मिस्त्रींना समजावून सांगितलं. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. ते मी अहवालात दोन परिच्छेद करून लिहिलं, खाली आकृती काढून.

दहा दिवस पुरे झाल्यावर दुसऱ्या सकाळी साहेब अकरा वाजता येऊन, मशीन बघून मंजुरीची सही करणार होते. मी साडेदहालाच पोचले. रेकॉर्डच्या खोलीचं दार अर्धं काचेचं आहे. आत वहिनी पाठमोरी उभी होती. तिने गठ्ठा उचलला, अंगठ्याने एका कडेचे कागद फर्रकन फुलवले. फिरवून दुसरी कड फुलवली. मग लांब बाजू टेबलावर दोनदा आपटली, आखूड बाजू दोनदा आपटली, तळव्याने चारी कडा चापून सरळ केल्या आणि नवी वही ठेवावी तसा गठ्ठा ट्रेमध्ये ठेवला. झाकण लावून ती तिथेच उभी राहिली. उजव्या मनगटाला पट्टी गुंडाळलेली होती.

मी दार उघडलं. "हे काय करतेयस?"

"गठ्ठा घालतेय."

"हे आपटणं कशाला?"

"नाही आपटला तर अडतं म्हणून." ती शांतपणे म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तू येऊन गेलीस ना, तेव्हा तुझे हात बघितले. तू प्रत्येक गठ्ठ्याला आधी अशी आंघोळ घालतेस. म्हटलं आपणही घालू."

"मी नाही असं काही करत."

"हा घे गठ्ठा. घालून दाखव."

मी गठ्ठा घेतला, आणि माझा अंगठा आपोआप कडेवर गेला. तो मी तिथेच थांबवला. पण तोवर व्हायचं ते झालं होतं, आणि वहिनी हसत होती.

"मला सांगायचं नाहीस का?" मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"दहा दिवसांचा प्रश्न होता गं. तू दोन वर्षं त्याच्यापायी जेवताना गप्प असतेस. सही होऊन जाऊ दे, मी तोंड उघडणार नाही."

खोटं कशाला बोलू, मी विचार केला. चांगला तीन मिनिटं केला. तक्त्यावर दहा शून्यं ओळीने उभी होती, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं, मशीन खरंच अडलं नव्हतं. मग माझी नजर वहिनीच्या मनगटावर गेली. आधी तिचे नुसते पाय दुखत होते, आता माझ्या कृपेने हातही दुखत होता. ती बसलीच नव्हती. बसशील म्हणून शब्द मी दिला होता.

साहेब आले, खुर्चीत बसले, पेन काढलं.

"साहेब, एक मिनिट," मी म्हणाले. "वहिनी, गठ्ठा टाक. नुसता टाक."

वहिनीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग कपाटातून एक गठ्ठा काढला आणि होता तसा ट्रेमध्ये सोडून दिला. झाकण लागलं. मशीनने दोन-तीन घास नीट घेतले, चौथ्याला एक कोपरा तिरका झाला, आतून करकर आवाज आला आणि लाल दिवा लागून शिटी वाजली.

साहेब उठले. "असा कसा ठेवलात हो," असं पुटपुटत त्यांनी अडकलेले कागद ओढून काढले, उरलेला गठ्ठा बाहेर घेतला, अंगठ्याने फर्रकन फुलवला, टेबलावर लांब बाजू दोनदा आपटली, आखूड बाजू दोनदा आपटली, आणि परत आत ठेवला. मशीन गुणगुणत चालू लागलं.

"हे बघा," ते म्हणाले. "चाललं की."

वहिनी म्हणाली, "साहेब, तुम्हीसुद्धा तेच केलंत."

"काय केलं?"

तिने हवेतच हात आपटून दाखवले. साहेबांनी आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

"पंचवीस वर्षं करतोय मी हे," ते म्हणाले. "झेरॉक्सच्या मशीनपासून."

तेच तर होतं. साहेब, मी, मिस्त्री, आम्ही सगळे छपाईच्या आणि झेरॉक्सच्या मशीनवर शिकलेले. तिथे जो गठ्ठा न आपटता घालतो त्याला पहिल्याच दिवशी शिव्या बसतात. नंतर हात आपोआप चालतात. आमच्या चाचणीच्या कागदावर बारा सूचना क्रमाने लिहिल्या होत्या, आणि ही तेरावी कोणाला सूचना वाटलीच नव्हती. चाळीस हजार कागदांपैकी एकही आंघोळीवाचून आत गेला नव्हता. मशीन न अडण्याचं कारण मी रबरात शोधत होते, आणि ते माझ्या अंगठ्यात होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. "एक महिना," ते म्हणाले. "आपटायचं काम माणसाने करायचं नाही, मशीनने करायचं. आणि अहवालातलं ते रबर रुळण्याचं तेवढं काढून टाका."

संध्याकाळी घरी दादा म्हणाला, "याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. सही होत होती ना?" मी तोंड उघडायच्या आत वहिनीने त्याला सांगितलं, "तू गप्प बस, तुला कळत नाही." इतक्या वर्षांत वहिनी मला त्या दिवशी सगळ्यात जास्त आवडली.

तो महिना मी फार मजेत काढला, हे सांगायला हरकत नाही. नक्की काय चुकतंय हे कळल्यावर कामाला जी गोडी येते ती आधी येत नाही. पहिला नियम असा केला की चाचणीत गठ्ठा टाकणाऱ्याने डावा हात खिशात ठेवायचा, आणि ज्याला खिसा नाही त्याने पाठीमागे. पहिल्या सकाळी मिस्त्रींचा हात तीनदा बाहेर आला, माझा पाचदा. असे पन्नास गठ्ठे टाकले, त्यातले एकतीस अडले. एकतीस हा आकडा बघून मिस्त्री म्हणाले, "चला, खरं बोलायला लागलं."

युक्ती त्यांचीच. ट्रे चार स्प्रिंगांवर बसवला आणि एका कोपऱ्याकडे किंचित कलता केला. मोटरला एका बाजूने जड असलेलं चाक लावलं. झाकण लागलं की रोलर सुरू होण्याआधी चार सेकंद ट्रे थरथरतो, गठ्ठा कोपऱ्याच्या दोन भिंतींवर आपोआप आपटतो, कागद सुटे होतात आणि कडा जुळतात. पहिलं चाक इतकं जड झालं की मशीन चालत चालत टेबलाच्या टोकाला गेलं आणि मिस्त्रींनी ते कवेत धरलं. दुसरं हलकं पडलं. पाचवं जमलं.

मशीन पुन्हा वहिनीच्या खोलीत गेलं. या वेळी मी तिला बजावलं की मनात माया आली तर ती घरी आणायची, ट्रेजवळ नाही. तिने डावा हात पदराखाली धरला आणि म्हणाली, "बघ, बांधून घेतलाय." दहा दिवस ती कागद असे टाकत होती की बघून माझ्याच अंगावर काटा यायचा: दुमडलेले, भोकं पडलेले, वर्षानुवर्षं दोऱ्यात बांधून वाकलेले. नऊ दिवस तक्त्यावर शून्य होतं.

दहाव्या दिवशी दुपारी मी गेले. वहिनीने शेवटचा गठ्ठा टाकला, झाकण लावलं, ट्रे थरथरला, आणि आम्ही शेजारच्या खोलीत येऊन बसलो. तिच्यापुढे चहा होता. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज येत होता. तिथले लोक येता-जाता आमच्याकडे बघत होते, कारण दुपारच्या या वेळी, गेल्या नऊ दिवसांतसुद्धा, वहिनीला खुर्चीत बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. पहिली दहा मिनिटं ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, बस सुटेल अशी. मग हळूहळू मागे टेकली. दादाला नवा चष्मा हवाय, खिडकीचा पडदा धुवायला झालाय, असं काहीबाही ती बोलत राहिली.

मध्येच मशीनचा आवाज थांबला. मी ताडकन उठले.

"कुठे निघालीस?" वहिनी म्हणाली.

"बघून येते."

"शिटी वाजली का?"

मी कान दिला. शिटी वाजली नव्हती. गठ्ठा संपला होता, इतकंच.

"मग बस," ती म्हणाली, आणि तिने चपला काढून समोरच्या रिकाम्या खुर्चीवर पाय पसरले.